चेंडूकडे बघू नका

जरा डावीकडे सरका. तुम्ही गोलात उभे आहात.

गोल म्हणजे काय, तर एका बाजूला गुंडाळून ठेवलेला शर्ट आणि दुसऱ्या बाजूला अंगठा तुटलेली चप्पल. वर आडवा दांडा नाही. त्यामुळे चेंडू वरून गेला की आतून यावर सारखं भांडण, आणि शेवटी ज्याचा चेंडू त्याचं खरं. नुकतीच एक सर येऊन गेली आहे. तांबडी माती पायाच्या बोटांमधून वर येतेय, पायताण काढून ठेवलंत ते बरं केलंत. हवेला नदीचा वास आहे: खारफुटीतला चिखल, सुकत घातलेली मासळी आणि कुणाच्या तरी परसात कढत असलेलं लालभडक पामतेल. त्या आंब्याखाली मात्र थांबू नका. पिकलेलं फळ नेमकं टाळक्यात बसतं.

हे जिगिंशोर. सेनेगलच्या दक्षिणेला, कासामान्स नदीच्या काठी. १९८० नुकतंच मागे पडलंय. कोकणातून आला असाल तर तुम्हाला आजोळी आल्यासारखं वाटेल: तीच माती, तीच भातखाचरं, तोच कोसळणारा पाऊस, आणि काजू. काजूचं तर नातंच आहे. ब्राझीलमधलं ते झाड पोर्तुगीजांनी गोव्यात आणलं तसंच पश्चिम आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरही नेलं. जिगिंशोर १८८६ पर्यंत त्यांचंच ठाणं होतं. इथली काजूबी आजही बोटी भरभरून भारतात येते. तेव्हा परकं वाटून घेऊ नका. फक्त कुणी बोलायला आलं तर घाई करू नका. तुम्ही बरे आहात का, घरचे बरे आहेत का, आई कशी आहे, पोरंबाळं कशी आहेत, काम कसं चाललंय, हे सगळं दोन्ही बाजूंनी विचारून झाल्याशिवाय इथे कुणी मुद्द्यावर येत नाही.

या पोरांच्या घोळक्यात अलियू सिसे असू शकतो. कुठला, ते मला विचारू नका. जन्म १९७६ चा, म्हणजे गुडघे फुटायच्या वयाचा. आणि आत्ता गुडघे सगळ्यांचेच फुटलेले आहेत.

आपण त्याच्या मागे आलोय. या सफरीचा नियम एकच: चेंडूकडे बघायचं नाही. अवघड आहे, माहीत आहे. पण हा माणूस पुढे बचावफळीच्या पुढ्यात उभा राहणारा खेळाडू होणार आहे. दुसऱ्याची धाव तोडायची, पाय मधे घालायचा, चेंडू मिळाला की चार हात पलीकडे असलेल्या, आपल्यापेक्षा देखण्या खेळाडूकडे द्यायचा आणि पुन्हा जागेवर यायचं. गोल झाल्यावर वर्तमानपत्रात जो फोटो येतो, त्याच्या चौकटीबाहेर असतो तो हा. चेंडूवर डोळे लावलेत तर तो तुम्हाला दिसणारच नाही.

नवव्या वर्षी तो फ्रान्सला जातो. आपणही जाऊन येऊ, पण स्वेटर घाला आणि फार रेंगाळू नका. पॅरिसच्या पूर्वेकडचं शांपिन्यी-सुर-मार्न. एकसारख्या उंच इमारती, दुपारी चारलाच मंदावणारा उजेड, नाकातून निघणारी वाफ. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर वेगळ्या देशाचा रस्सा शिजत असतो; पहिल्यावर जिरं, तिसऱ्यावर सुकी मासळी. खाली डांबरावर पोरं खेळतायत. इथे पडलं की गुडघा नुसता फुटत नाही, सोलतो. याच वस्तीत जमेल बेलमादी नावाचा अल्जीरियन घरातला एक मुलगा वाढतोय. सिसेपेक्षा बरोब्बर एका दिवसाने धाकटा. हे नाव लक्षात असू द्या, कैरोत लागेल.

मग लील, सदां, पॅरिस सां-जर्मां. क्लबांची यादी वाचायला तुम्हाला इतक्या लांब आणलेलं नाही. स्वेटर काढा. आता उकडणार आहे.

बामाको. मालीची राजधानी, फेब्रुवारी २००२. सहाराकडून येणारा कोरडा वारा आठवडाभर धूळ घेऊन फिरतोय. ओठ फुटलेत, दातांखाली कचकच लागते, आणि आकाश निळं नसून पिठूळ आहे. सव्वीस मार्स स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोपेडच मोपेड; एकेकीवर तिघं, मधल्याच्या हातात झेंडा, मागच्याच्या हातात ढोल. तेलमिश्रित पेट्रोलचा धूर घशात बसतो. एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन येतेय, त्यात प्लास्टिकच्या छोट्या पिशव्या आहेत. घ्या एक. कोपरा दाताने तोडा आणि चोखा. आल्याचं सरबत आहे. पहिल्या घोटाला गार, दुसऱ्याला घसा पेटतो. शेजारी सळईवर मांस भाजतंय. चरबी निखाऱ्यावर पडली की भसकन जाळ उठतो आणि रांगेतले सगळे एकदम मागे सरतात.

सेनेगलचे पाठीराखे ओळखायला कष्ट नाहीत. अंगभर हिरवा, पिवळा, लाल रंग. घामाने रंग ओघळून तिन्ही एकमेकांत मिसळलेत, आणि तुमच्या शर्टाला लागलाय तो आता कधीच निघणार नाही. डाकारहून इथे रेल्वेही येते, पण वेळेवर पोचायचं असेल तर तिच्या भरवशावर कुणी राहत नाही. बरेच जण बसच्या खिडकीत हाडं मोडून घेत आलेत. आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात सेनेगल पहिल्यांदाच पोचलाय. समोर कॅमेरून, आधीचा विजेता. त्यांच्या खेळाडूंनी बिनबाह्यांचे शर्ट घातलेत, आणि दंडावरून अर्धं स्टेडियम कुजबुजतंय. दुसरी कुजबुज जादूटोण्याची. मालीविरुद्धच्या उपांत्य सामन्याआधी कॅमेरूनच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक थॉमस एन्कोनो यांना पोलिसांनी मैदानातूनच धरून नेलं होतं. आरोप असा की त्यांनी गवतात मंतरलेली वस्तू टाकली. हसू नका. तुमच्या शेजारच्या गृहस्थाच्या दंडावर चामड्यात शिवलेला ताईत आहे, आणि कुणाचा ताईत जास्त जोराचा ही इथे गंभीर चर्चा आहे.

दोन तास खेळून गोल नाही. पाठ ओली, मांड्या सिमेंटला चिकटलेल्या, ढोल बडवणाऱ्यांचे तळवे सुजलेले. मग पेनल्टी. सेनेगलकडून अल हाजी दिऊफ चुकला, अम्दी फाय चुकला. कॅमेरूननेही चुका केल्यात, म्हणून अजून आशा आहे. शेवटची किक कर्णधाराची.

आता नियम पाळा. चेंडू ठिपक्यावर आहे, असू दे. तुम्ही सिसेकडे बघा. मधल्या रेषेपासून त्या ठिपक्यापर्यंत चाळीसेक मीटर अंतर आहे आणि ते चालतच जायचं असतं. इतका वेळ मैदानावर त्याला मोकळी जागा मिळाली नव्हती. सगळीकडे कुणी ना कुणी खेटलेलं. आता चोहीकडे नुसतं गवत. दुसऱ्याचं काम बिघडवण्यात ज्याची हयात गेली, त्याला आज एकट्याने काहीतरी घडवायचंय. ढोल थांबलेत. तुमच्या शेजारच्याने ताईत मुठीत धरलाय.

कॅमेरूनचा गोलरक्षक अलियूम बुकार तो चेंडू अडवतो. ३-२. कॅमेरून.

समोरच्या बाजूला स्टेडियम फुटावं इतका कल्लोळ उठतो. तुमच्या बाजूला माणसं खाली बसत जातात. आधी पुढची रांग, मग मागची. कुणीतरी तुमच्या पायावर पाय देऊन निघून जातं आणि माफीही मागत नाही. रागावू नका. त्याला परत डाकारपर्यंत तीच बस आहे.

चला, इथे थांबून उपयोग नाही. साडेतीन महिने पुढे उडी मारू.

डाकार. मेदिना नावाचा जुना मोहल्ला. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. दाराशी बोकड बांधलेत, गटारावर फळी टाकलीय, भिंतीला टेकून बाकडं. आज ३१ मे २००२, शुक्रवार. पुरुषांनी जुम्म्यासाठी घोटीव कापडाचे, कांजी केलेले बूबू सकाळीच अंगात चढवलेत. इतके कडक की माणूस वळला की कापड कुरकुरतं. एका घरातून धुपाचा जड, गोडसर वास येतोय. दुसऱ्या घरात थियेबूदिएन शिजतंय: तांदळाची कणी, मासा, टोमॅटो, कोबी, गाजर, सगळं एका भांड्यात. तळाला खरपूस थर धरतो, तो खरवडून कुणाला द्यायचा यावरून घरोघर राजकारण चालतं. बाकड्यापाशी कोळशाच्या शेगडीवर अताया उकळतोय. पोरगा किटली हातभर उंच धरून हिरवा चहा पेल्यात ओततो, पेल्यातला परत किटलीत, पुन्हा पेल्यात. फेस यायला हवा. तीन फेऱ्या होतात. पहिली कडू. तोंड वाकडं करू नका, सगळे तुमच्याकडेच बघतायत.

आणि टीव्ही. जाडजूड पाठीचा, दाराच्या चौकटीत रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला. तिकडे सोलमध्ये रात्र झालीय, इथे साडेअकराची उन्हं. (महाराष्ट्रात संध्याकाळचे पाच. तुमच्यापैकी कुणी त्या दिवशी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर बसलं असेल, तर तुम्ही आत्ता दोन ठिकाणी आहात.) विश्वचषकाचा पहिलाच सामना. फ्रान्स, जगज्जेते. सेनेगलचे जवळपास सगळे खेळाडू फ्रान्समधल्याच क्लबांत पगार घेतात. फ्रान्सचा झिदान दुखापतीमुळे बाहेर बसलाय, तरी या गल्लीत जिंकू असं मोठ्याने कुणी म्हणत नाही. नजर लागते.

तिसावं मिनिट. दिऊफ डावीकडून सुसाट निघतो, चेंडू आत घालतो, गोलरक्षक आणि बचावपटू यांचा गोंधळ होतो, आणि पापा बुबा दिऑप जमिनीवर पडल्या पडल्या पाय लावतो. बघितलंत ना चेंडूकडे? बरं, हे एकदाच माफ.

कारण नंतर अर्धं मिनिट तुम्हाला काहीच दिसत नाही. कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत, कुणाचा बूबू तुमच्या तोंडावर. शेगडी कलंडलीय, कोळसे गल्लीत लोळतायत, बोकड दोरी तोडून पळालाय. कढईवर झारा आपटत बायका बाहेर येतात. टीव्हीवर दिऑपने शर्ट काढून कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी अंथरलाय आणि सगळे त्याभोवती नाचतायत. हा फोटो जगभर जाणार. पण अजून तासभर उरलाय. या तासात फ्रान्स चढून येणार, चेंडू खांबाला लागणार, गल्लीतल्या म्हाताऱ्या आतल्या खोलीत जाऊन बसणार, कारण त्यांच्याने बघवत नाही. आणि दंडावर कर्णधाराची पट्टी बांधलेला तो माणूस फ्रेंचांच्या पायांमधे आपला पाय घालत राहणार. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बामाकोनंतर साडेतीन महिन्यांनी त्याच पायाने. कुणी त्याचं नाव घेऊन ओरडत नाही. त्याचं काम नीट चाललंय याची तीच खूण.

१-० राहतं. आता घरी जायचं विसरा. पिवळी-निळी कार रापीद भरून निघालीय. मागच्या दाराला लोंबकळणारा पोऱ्या पत्र्यावर थाप मारून ड्रायव्हरला थांब म्हणतोय आणि ड्रायव्हर ऐकत नाहीये. टपावर वीसेक जण. राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी सुट्टी जाहीर करून टाकलीय. दुपारच्या नमाजाला मशिदी भरतात, पण घाम, धूप आणि गुलालासारखी उडणारी वाळू यांतून कोण धुतलेला आणि कोण मळलेला काही कळत नाही. हा संघ पुढे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाईल, तुर्कस्तान त्यांना सोनेरी गोलवर हरवेल. ते राहू द्या. आजची दुपार पुरवून घ्या, कारण पुढचा मुक्काम वाईट आहे.

पुन्हा जिगिंशोर. २६ सप्टेंबर २००२, गुरुवार, दुपार. तुम्ही धक्क्यावर उभे आहात. डाकारला रस्त्याने जायचं तर मधे गांबिया हा अख्खा दुसरा देश लागतो: सीमा, तपासणी, नदीवरच्या तराफ्याची रांग. त्यापेक्षा ‘ल जोला’ बोट बरी. बरेच महिने दुरुस्तीत होती, आत्ताच पुन्हा सुरू झालीय. त्यामुळे धक्क्यावर ही गर्दी. पिवळ्या डब्यांत पामतेल, गोणपाटात सुकी मासळी, टोपल्यांत पाय बांधलेल्या कोंबड्या. बाजारात माल विकायला निघालेल्या बायका डब्यावरच बसून हिशेब करतायत. शाळा-कॉलेजं उघडणार, म्हणून पत्र्याच्या ट्रंका घेऊन पोरंपोरी. कुणाची आई शेवटच्या क्षणी वरून एक पुरचुंडी फेकते आणि ती नेमकी झेलली जाते, सगळे हसतात. डिझेलचा भपकारा. भोंगा.

तुम्हाला बोटीत चढू देणार नाही.

पाचशे ऐंशी माणसांची बोट. त्या रात्री गांबियाच्या किनाऱ्यापलीकडे वादळात ती उलटली. अठराशेहून जास्त माणसं गेली, वाचली ६४. सिसेच्या घरातली दहापेक्षा जास्त माणसं त्यात होती. तो तेव्हा इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅम सिटीकडे नुकताच आलेला, चारच महिन्यांपूर्वी सगळ्या देशाने डोक्यावर घेतलेला. त्या हंगामात तो खेळत राहिला. तिथे आपण जाणार नाही. काही खोल्यांत पाहुण्याने डोकावू नये.

आता थोडं भरभर. २०१५. गुडघ्यांनी रजा घेतलीय, बूट खुंटीला टांगलेत. सिसे सेनेगलचा प्रशिक्षक आहे. खांद्यावर रुळणाऱ्या जटा, काळ्या जाड फ्रेमचा चष्मा. तुमच्यासाठी सोपं झालं: आता चेंडू त्याच्याकडे येतच नाही. तो मैदानाच्या कडेला, खडूने आखलेल्या चौकोनात असतो. मला विचाराल तर ही फुटबॉलमधली सगळ्यात वाईट जागा. खेळाडूला निदान धावता येतं, प्रेक्षकाला शिव्या देता येतात. याने करायचं काय? पाणी प्यायचं, ओरडायचं, आणि आपला आवाज पोचलेला नाही हे बघायचं.

२०१८, रशिया. बत्तीस प्रशिक्षकांत कृष्णवर्णीय एकटा तो. सेनेगल आणि जपान यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामना बरोबरीत. मग मोजली गेली पिवळी कार्डं. सेनेगल सहा, जपान चार. सेनेगल घरी. समारामधल्या त्या मैदानावर तुम्ही त्याच्या शेजारी उभे असता, तर मान कुठे वळवावी हे तुम्हाला कळलं नसतं. कार्डं मोजून बाहेर पडलेला विश्वचषकातला तो पहिलाच संघ.

२०१९, कैरो. जुलैचा उकाडा, आफ्रिका चषकाचा अंतिम सामना, समोर अल्जीरिया. पलीकडच्या चौकोनात कोण उभा आहे? शांपिन्यीतला तो एका दिवसाने धाकटा बेलमादी. एका वस्तीतली दोन पोरं, दोन देश, मधे एक चषक. दुसऱ्याच मिनिटाला अल्जीरियाचा फटका सेनेगलच्या बचावपटूच्या अंगावर आपटतो, उंच उडतो आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून आत पडतो. उरलेली अठ्ठ्याऐंशी मिनिटं सेनेगल डोकं आपटतो. १-०. दोनदा अंतिम सामना, एकदा कर्णधार म्हणून, एकदा प्रशिक्षक म्हणून, आणि दोन्हीदा हात रिकामे.

म्हणून जानेवारी २०२२ मध्ये डाकारला टॅक्सीत बसाल तर सिसेचं नाव काढू नका. टॅक्सीला मीटर नसतो; भाडं ठरवताना घासाघीस करून ड्रायव्हर आधीच तापलेला असतो. संघ कॅमेरूनमध्ये आफ्रिका चषक खेळतोय, आणि गटातल्या तीन सामन्यांत मिळून गोल किती? एक. तोही पेनल्टीवर, शेवटच्या क्षणी. सादिओ मानेसारखा खेळाडू हाताशी असून? ड्रायव्हर दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलतो. तो भित्रा आहे, साहेब! बचाव, बचाव, नुसता बचाव! नाक्यावर ढकलगाडीवाला तुम्हाला तूबा कॉफी देतो; मिरीसारख्या तिखट दाण्यांनी ती नाकात झिणझिणते. कॉफी ओतता ओतता तोही हेच म्हणतो, फक्त त्याच्याकडे पर्यायी संघ तयार आहे, अकराच्या अकरा नावांसकट.

आणि तरीही संघ पुढे सरकत राहतो.

६ फेब्रुवारी २०२२, रविवार. मेदिनातली तीच गल्ली. बोकड आहेत, पण टीव्ही आता पातळ, भिंतीवर टांगलेला. वायर खिडकीतून, दोरीवरून, झाडावरून आलीय. डाकारचा फेब्रुवारी गार असतो. समुद्राकडचा वारा सुटलाय, म्हाताऱ्यांनी लोकरीच्या टोप्या घातल्यात. अंतिम सामना याउंदेत. प्रतिस्पर्धी इजिप्त, पण यजमान देश तोच, ज्याने वीस वर्षांपूर्वी बामाकोत चषक नेला. सातव्याच मिनिटाला पेनल्टी मिळते. मगरिबची वेळ झालीय, काही जण चटया झटकून उठायच्या बेतात होते, ते तसेच थांबतात. माने धावत येतो. इजिप्तचा गोलरक्षक अडवतो.

कुणीतरी चप्पल फेकतं. ती टीव्हीला लागत नाही हे सगळ्यांचं नशीब.

मग दोन तास गोल नाही. शेगडीवर अताया कितव्यांदा चढला ते कुणी मोजत नाही. शेजारच्या गल्लीतला टीव्ही तुमच्यापेक्षा तीन-चार सेकंद पुढे आहे. तिकडे आरडाओरडा झाला की इथे छातीत धस्स होतं, आणि तेवढ्यात आपल्याला कळतं की काही झालेलं नाही. माने या देशाच्या त्याच दक्षिणेचा, कासामान्समधल्या बांबाली गावचा. त्याच्या नावाने एक आजी मघापासून काहीतरी पुटपुटतेय. दुवा की शिवी, दोन्ही शक्य आहे.

पेनल्टी. अर्थातच. दुसरं काय होणार होतं?

सेनेगलचा कुलिबाली मारतो. गोल. इजिप्तचा एक फटका खांबाला लागतो. सेनेगलचा एक अडवला जातो. सेनेगलचा गोलरक्षक एदुआर मेंदी इजिप्तचा आणखी एक अडवतो, आणि गल्लीतून निघालेला आवाज समुद्रापर्यंत जातो. शेवटची किक मानेची. आत गेली तर संपलं.

सिसेने ही किक दुसऱ्या कुणाला द्यायला हवी होती का? पहिली चुकलेल्यालाच पुन्हा? टॅक्सीवाल्याचं मत काय असेल ते तुम्हाला ठाऊक आहे. पण शेवटची किक चुकल्यावर कसं वाटतं, हे त्या मैदानावर सिसेइतकं कुणाला माहीत असेल? पाय त्याचा नाही आज. तो नुसता उभा आहे. चाळीस मीटर चालत दुसराच कुणीतरी गेलाय.

आता मात्र चेंडूकडे बघा. तोही तेच करतोय.

शेजारची गल्ली आधी फुटते. तीन सेकंद. मग तुमची.

पुढच्या काही तासांचं वर्णन मला करता यायचं नाही, कारण तुमच्यासकट कुणीच एका जागी नव्हतं. तुम्ही कुणाच्या तरी मोटरसायकलवर होता, मग दुसऱ्याच्या. कानात दडे बसले, एक चप्पल गेली. समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्या बंद करून लोक टपांवर नाचत होते आणि पोलीस हॉर्नच्या तालावर शिट्टी वाजवत होते. डोळ्यांत फटाक्यांचा धूर, तोंडात कुणीतरी कोंबलेला तळलेल्या पिठाचा गोड गोळा, फोनला रेंज नाही.

सोमवारी सुट्टी. राष्ट्राध्यक्ष माकी साल परदेश दौरा सोडून आलेत. संघाचं विमान उतरलं, खेळाडू बसमध्ये चढले, आणि तेव्हापासून बस जवळपास तिथेच आहे. रस्ता दिसतच नाही, माणसंच आहेत. झाडांवर, खांबांवर, जाहिरातींच्या फलकांच्या सांगाड्यांवर. दुपारच्या उन्हात धुळीचा पडदा, त्यात हिरवे-पिवळे-लाल झेंडे. आई पोराला खांद्यावर उचलते, पोराला काहीच दिसत नाही, तरी ते हात हलवतं. बक्षिसाच्या बातम्या उद्यापासून: प्रत्येक खेळाडूला पाच कोटी सेफा फ्रँक, राजधानीत दोनशे चौरस मीटर जमीन आणि जवळच्या नव्या शहरात पाचशे. मग या गर्दीतले निम्मे लोक जमिनीच्या भावावर बोलू लागतील. सिसे पुढे २०२४ पर्यंत या खुर्चीवर राहील. शिव्याही पुन्हा सुरू होतील. नंतर तो लिबियाच्या संघाकडे जाईल. आज कुणाला फिकीर नाही.

तुम्हाला मुक्कामावर परत जायचंय. एक टॅक्सी मिळते, पुढच्या काचेला तडा, छतावर झेंडा. ओळखलंत? जानेवारीतलाच ड्रायव्हर. तुम्ही दार उघडायच्या आत तो बोलायला लागतो. सिसे! काय माणूस आहे, साहेब! मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, विचारा कुणालाही. बचाव पक्का असल्याशिवाय चषक येतो का कुठे?

तुम्ही भाडं विचारता. तो तिप्पट सांगतो. आज घासाघीस नाही.